समेवर येण्याचं गणित

तीनताल चालू आहे. १६ मात्रांचं आवर्तन, पहिल्या मात्रेवर सम. तबलजी मध्येच एका समेपासून ५ मात्रांचा एक बोल उचलतो आणि न थांबता तोच फिरवत राहतो. पहिल्या आवर्तनात बोल तीनदा पुरा होतो, १५ मात्रा संपतात आणि चौथ्यांदा तो सुरू होतो तो सोळाव्या मात्रेवर. त्यामुळे सम येते तेव्हा बोलाची दुसरी मात्रा वाजत असते. पुढच्या समेला तिसरी, मग चौथी, मग पाचवी. ऐकणाऱ्याला वाटतं, गेला, आता काही हा सापडत नाही. आणि पाच आवर्तनं संपता संपता, ८० मात्रा झाल्यावर, बोलाची पहिली मात्रा नेमकी समेवर येऊन पडते. बैठकीतून दाद येते ती तिथे.

१६ आणि ५ यांचा गुणाकार ८०, म्हणून ८० मात्रांनी भेट, असा सरळ हिशेब दिसतो. पण आता पाचाऐवजी ६ मात्रांचा बोल घ्या. गुणाकार ९६, बोल मात्र ४८ मात्रांतच, म्हणजे तीन आवर्तनांत समेवर येतो. ३ मात्रांचा घेतला तरी ४८. १२ मात्रांचा, म्हणजे एकतालाच्या अख्ख्या आवर्तनाएवढा लांब घेतला तरी ४८च. ७ मात्रांचा घेतला तर ११२, आणि ८ मात्रांचा घेतला तर पहिल्याच समेला हजर. म्हणजे बोल लांब की आखूड यावर काही ठरत नाही. बाराचा लांबलचक बोल पाचाच्या आटोपशीर बोलापेक्षा लवकर परत येतो. ठरतं ते त्या संख्येचं सोळाशी नातं काय, यावर.

या नात्याचा हिशेब म्हणजे लसावि, लघुत्तम साधारण विभाज्य: दिलेल्या सगळ्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी सगळ्यांत लहान संख्या. शाळेत त्याचं ठरलेलं उदाहरण असतं. तीन घंटा अनुक्रमे ६, ८ आणि १२ मिनिटांनी वाजतात. आता तिन्ही एकदम वाजल्या, तर पुन्हा एकदम केव्हा वाजतील? उत्तर २४ मिनिटांनी. मुलं ते बरोबर काढतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याला लागतात. रीत पाठ असते, पण ती चालते कशी हे विचारायला कोणी थांबत नाही. आपण थांबू.

१२ आणि १८ शेजारी शेजारी लिहा आणि डावीकडे उभी रेघ मारा. दोघांनाही भाग जाईल अशी संख्या शोधा: २. ती रेघेच्या डावीकडे. खाली उरले ६ आणि ९. पुन्हा दोघांना भाग जाणारी संख्या: ३. खाली उरले २ आणि ३. आता दोघांत सामाईक काही राहिलं नाही. डावीकडचे २ आणि ३, खालचे २ आणि ३, चौघांचा गुणाकार ३६. हा लसावि.

आता या चार आकड्यांची मालकी तपासा. डावीकडचे दोन्ही आकडे सामाईक. त्यांचा गुणाकार ६, आणि तोच १२ आणि १८ यांचा मसावि, महत्तम साधारण विभाजक: दोघांनाही निःशेष भागणारी सगळ्यांत मोठी संख्या. खालचा २ एकट्या बाराचा, खालचा ३ एकट्या अठराचा. लसाविमध्ये दोघांचंही सगळं आलं पाहिजे, पण जे दोघांत आहे ते एकदाच घेतलं तरी पुरतं. सरळ १२ × १८ केलं असतं तर २१६ आले असते, कारण सामाईक ६ दोनदा मोजला गेला असता. २१६ ला ६ ने भागा, पुन्हा ३६. म्हणून कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार हा त्यांचा लसावि आणि मसावि यांच्या गुणाकाराएवढा असतो. दोनच संख्यांचा, हे लक्षात ठेवा. घंटांच्या तीन संख्या घेतल्या तर ६ × ८ × १२ होतात ५७६, आणि लसावि २४ गुणिले मसावि २ होतात फक्त ४८. इथे भलेभले फसतात.

तबल्याचा उलगडाही यातच आहे. १६ मध्ये चार वेळा येणारा २ सोडला तर दुसरा मूळ अवयवच नाही. ५ मध्ये एकही दोन नाही, त्यामुळे त्याला पूर्ण ८० मात्रा चालावं लागतं. १२ मधले दोन्ही २ सोळात आधीच आहेत, नवा फक्त ३, म्हणून तीन आवर्तनांत काम होतं. दोन चक्रांत साम्य जितकं जास्त तितकी भेट लवकर. साम्य काहीच नसेल तर भेट सगळ्यांत उशिरा. पुढे जे येणार आहे ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

संख्या मोठ्या झाल्या की अवयव पाडणं जिकिरीचं होतं. ३९१ आणि ४३७ यांचा लसावि काढायला सांगितला तर बघताक्षणी काहीच सुचत नाही. ना २ ने भाग जातो, ना ३ ने, ना ५ ने. इथे मसावि मदतीला येतो, कारण तो अवयव न पाडता सापडतो. ४३७ मधून ३९१ वजा करा, उरले ४६. ३९१ ला ४६ ने भागा, बाकी २३. ४६ ला २३ ने भागा, बाकी शून्य. शेवटचा भाजक २३ हा मसावि. आता ३९१ ला २३ ने भागलं की १७ येतात. १७ × ४३७ म्हणजे ७४२९, हा लसावि. ही भागत भागत जाण्याची युक्ती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागात आहे, आणि दोन संख्यांचा लसावि कसा काढावा हेही त्याच भागाच्या चौतिसाव्या प्रमेयात आहे. ग्रंथ इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचा. आजचा संगणकसुद्धा लसावि काढताना आधी मसावि काढतो आणि गुणाकाराला त्याने भागतो.

भारतात हा विचार अपूर्णांकांच्या वाटेनं आला. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य या जैन गणितज्ञानं ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मालखेड. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्याच अमलाखाली होता आणि वेरूळचं कैलास लेणं याच घराण्याचं. महावीराचार्यांपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता: वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक मिळवायचे कसे? छेदांचा गुणाकार करून काम भागतं, पण आकडे फुगतात. ५/१२ आणि ७/१८ घ्या. छेद २१६ केला तर ९०/२१६ अधिक ८४/२१६, म्हणजे १७४/२१६, आणि मग हा भाग छाटत बसायचं. छेद ३६ केला तर १५ अधिक १४, उत्तर २९/३६, संपलं. महावीराचार्य सांगतात की छेदांचे सामाईक अवयव आणि ते काढून घेतल्यावर उरलेले भागाकार यांचा गुणाकार करा. या गुणाकाराला ते ‘निरुद्ध’ म्हणतात. वर १२ आणि १८ च्या डावीकडे उभी रेघ मारून आपण जे केलं ते हेच. पाचवीतल्या पोराच्या वहीतली ती रेघ इतकी जुनी आहे, हे निदान शिक्षकांनी तरी एकदा सांगावं.

अपूर्णांकांचा हा प्रश्न एकदा अख्ख्या देशाला एकदमच सोडवावा लागला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. जुनी नाणी लगेच बाद झाली नव्हती, दोन्ही प्रकार बाजारात सोबत फिरत होते, आणि एका आण्याचे होत होते सव्वासहा नवे पैसे. वरचा पाव पैसा द्यायचा कुठून? म्हणून कोष्टक ठरलं: १ आणा म्हणजे ६ नवे पैसे, २ आणे म्हणजे १२, ३ आणे म्हणजे १९ आणि ४ आणे म्हणजे २५. चारदा एकेक आण्याची मोड घेणाऱ्याला २४ पैसे मिळत आणि एकदम चार आणे देणाऱ्याला २५. यात लबाडी कोणाची नव्हती, दोष १६ आणि १०० या आकड्यांचा होता. त्यांचा लसावि ४००. रुपयाचे ४०० भाग कल्पिले तर एक आणा २५ भागांचा आणि एक नवा पैसा ४ भागांचा. दोन्ही मोजण्या एकाच खुणेवर येतात त्या फक्त दर १०० भागांनी, म्हणजे पाव रुपयावर, अर्ध्यावर, पाऊण रुपयावर आणि पूर्ण रुपयावर. पावली आणि अधेली यांचे पैसे चोख झाले, बाकीच्यांत कुठेतरी कापाकापी करावीच लागली. आणे जाऊन इतकी वर्षं झाली तरी २५ पैशांना ‘चार आणे’ आणि ५० पैशांना ‘आठ आणे’ म्हणणं टिकलं, ‘तीन आणे’ मात्र कोणी म्हणेना. त्याचं निदान एक कारण हे असणार. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं, तोवर ते चार आणेच होतं.

दोन चक्रांत साम्य असलं की भेट लवकर होते, हे झालं. पण त्याची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते: साम्य असलं की काही भेटी कधीच होत नाहीत. चीनच्या जुन्या कालगणनेत वर्षाला दोन चिन्हं असतात, एक दहांच्या चक्रातलं आणि एक बारांच्या. दरवर्षी दोन्ही चक्रं एकेक घर पुढे सरकतात. १० आणि १२ यांच्या जोड्या १२० होऊ शकतात, पण चक्र ६० वर्षांतच पुन्हा पहिल्या जोडीवर येतं. उरलेल्या ६० जोड्या? त्या येतच नाहीत. पहिल्या वर्षी पहिल्याशी पहिलं जुळलं. दहा वर्षांनी पुन्हा पहिलं आलं तेव्हा दुसऱ्या चक्रात अकरावं होतं, मग नववं, मग सातवं. विषमाची गाठ विषमाशीच पडते आणि समाची समाशी, कारण १० आणि १२ दोघांतही २ आहे. चीनमधली १९११ ची राजेशाही उलथवणारी क्रांती ‘शिनहाय’ या वर्षनावानं ओळखली जाते. तेच नाव १९७१ ला आलं आणि पुढे २०३१ ला येईल.

आपल्या पंचांगातही ६० संवत्सरं आहेत, प्रभव ते क्षय. २०२५ च्या गुढीपाडव्याला शके १९४७ सुरू झाला तेव्हा विश्वावसु संवत्सर लागलं, आणि त्याआधीचं विश्वावसु १९६५ सालचं. इथे मात्र आकाश आडवं येतं. गुरूची फेरी ढोबळमानानं १२ वर्षांची आणि शनीची ३० वर्षांची, आणि १२ व ३० यांचा लसावि ६०, हे ऐकायला फार छान आहे. प्रत्यक्षात गुरूला ११.८६ वर्षं लागतात आणि शनीला २९.४६. गुरूच्या पाच फेऱ्या ५९.३ वर्षांत होतात, शनीच्या दोन ५८.९ वर्षांत. ग्रह पूर्णांकांत फिरत नाहीत, त्यामुळे काटेकोर लसावि त्यांना लागू पडत नाही. जवळपासची भेट शोधायची आणि चूक किती हे सांभाळायचं. १९ सौरवर्षं आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक राहतो, ही अशा भेटींतली फार देखणी जुळणी आहे. अधिक श्रावण २००४ मध्ये आला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला, तो तिच्यामुळे. पंचांगकर्त्याचं खरं कसब या दोन तासांच्या फरकावर नजर ठेवण्यात आहे.

शाळेतल्या घंटांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट गुपचूप मान्य केलेली असते: ‘आता तिन्ही एकदम वाजल्या’. नसत्या वाजल्या तर? एसटी स्टँडवरून एक गाडी सकाळी ६ पासून दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी ६ वाजून ५ मिनिटांपासून दर १८ मिनिटांनी. दोन्ही एकाच क्षणी केव्हा सुटतील? लसावि ३६ आहे म्हणून ३६ मिनिटांत केव्हातरी, असं म्हणावंसं वाटतं. प्रत्यक्षात कधीच नाही. पहिली सुटते तासाच्या सम मिनिटाला. दुसरी ५, २३, ४१, ५९ अशी कायम विषम मिनिटाला. दुसरीचं वेळापत्रक एकाच मिनिटानं पुढे ढकलून ६ वाजून ६ मिनिटांवर आणा, मग ६ वाजून २४ मिनिटांनी दोन्ही एकत्र सुटतात, पुन्हा ७ वाजता, आणि पुढे दर ३६ मिनिटांनी. सुरुवातीतला फरक मसाविनं, इथे ६ नं, निःशेष भागला गेला तर भेट होते, नाहीतर नाही. पहिली भेट नेमकी केव्हा, हे काढण्याची रीत म्हणजे आर्यभटाचा कुट्टक. ‘आर्यभटीय’ इसवी सन ४९९ चं. ग्रहांच्या फेऱ्या वेगवेगळ्या जागी असताना त्यांचा मेळ केव्हा बसेल, या गणितात त्याचा मोठा उपयोग होता. लसावि सांगतो दोन भेटींतलं अंतर. पहिली भेट सांगणं हे त्याचं काम नाही, आणि पाठ्यपुस्तकांनी हा फरक एका उदाहरणानं तरी दाखवायला हवा.

भेट होऊ नये किंवा झालीच तर फार उशिरा व्हावी, असं मुद्दाम घडवायचं असेल तर? अमेरिकेच्या पूर्व भागात सिकाडा नावाचे कीटक आहेत. त्यांची पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस शोषत वर्षानुवर्षं राहतात आणि ठरलेल्या वर्षी लाखोंच्या संख्येनं एकदम बाहेर पडून झाडांवर कर्कश गजर करतात. काही टोळ्या १३ वर्षांनी येतात, काही १७ वर्षांनी. १३ आणि १७ दोन्ही मूळ संख्या, लसावि २२१. २०२४ मध्ये १३ वर्षांची एकोणिसावी टोळी आणि १७ वर्षांची तेरावी टोळी एकाच हंगामात निघाली. त्याआधी या दोघी १८०३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे असईची लढाई झाली त्या वर्षी, एकत्र आल्या होत्या. पुढची वेळ २२४५ मध्ये. मूळ संख्याच का, याचं एक लोकप्रिय उत्तर असं की दर २, ३, ४ किंवा ६ वर्षांनी वाढणारा शिकारी १२ वर्षांच्या टोळीला दर खेपेला गाठेल, १३ वर्षांच्या टोळीला मात्र २६, ३९, ५२, ७८ वर्षांनीच. गणित चोख आहे, पण असा ठरावीक वर्षांनी वाढणारा शिकारी प्रत्यक्षात कोणी दाखवलेला नाही. दुसरं उत्तर असं की वेगळ्या चक्रांच्या टोळ्यांचा संकर टळावा म्हणून हे झालं असेल. मला दोन्हींपैकी एकही पुरतं पटलेलं नाही.

कारखान्यात ही युक्ती बिनदिक्कत वापरतात, तिथे वाद नाही. २० दात्यांचं गिअर ४० दात्यांच्या गिअरवर फिरलं तर लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या त्याच दोन दात्यांवर जन्मभर आपटत राहतो. एखादा दाता जरा खडबडीत असला की समोरचे ठरलेले दाते झिजतात. मोठ्या चाकाला ४१ दाते दिले तर वेगाचं प्रमाण जवळपास तेच राहतं, पण २० आणि ४१ यांत सामाईक काही नसल्यानं तीच जोडी ८२० दाते सरकल्यावर पुन्हा भेटते आणि मधल्या काळात प्रत्येक दाता समोरच्या प्रत्येक दात्याला भेटून घेतो. झीज सगळीकडे सारखी पसरते.

आता एक काम वाचकांसाठी. १ पासून पुढच्या संख्यांचा एकेक वाढवत लसावि काढत चला. १ ते ५ यांचा ६०. त्यात ६ मिसळला तरी ६०च, कारण २ आणि ३ आधीच आत आहेत. ७ आला की ४२०, ८ आला की ८४०, ९ आला की २५२०, आणि १० नं काहीच फरक पडत नाही. ११ आला की २७,७२०, मग १२ ला पुन्हा काही नाही. असं २० पर्यंत गेलात की २३,२७,९२,५६० पाशी पोचता. तिथून २१ ते ३० या दहा संख्यांपैकी फक्त चार संख्या हा आकडा वाढवतात, बाकीच्या सहा येतात आणि काही न करता जातात. त्या चार कोणत्या, एकही गुणाकार न करता सांगून बघा.